मुंबईचाच मिनिटकाटा वेगळा का?

कोल्हापुरातल्या एका हॉटेलात खोली तयार होईपर्यंत ताटकळत बसलो होतो. जून महिना, बाहेर पाऊस, समोर काउंटर आणि काउंटरमागच्या भिंतीवर ओळीनं चार घड्याळं. खाली पितळी अक्षरांत नावं: न्यूयॉर्क, लंडन, मुंबई, टोकियो. मुंबईत अकरा वीस झाले होते. न्यूयॉर्क आणि लंडन या दोघांचे मिनिटकाटे दहाच्या आकड्यावर, म्हणजे पन्नास मिनिटांवर होते. टोकियोचा मात्र सातावर.

काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, "टोकियोचा सेल संपत आलाय बघा."

"तुम्ही जपानला असता का, सर?"

जपानला जायची गरज नव्हती. टोकियोत किती वाजले असतील हेही ठाऊक असायची गरज नव्हती. जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांच्या वेळेत पूर्ण तासांचा फरक असतो, त्यामुळे तासकाटे कुठेही असले तरी मिनिटकाटे एकाच जागी असतात. आपण अर्ध्या तासावर बसलेलो, म्हणून अशा कुठल्याही ओळीत आपलाच मिनिटकाटा बाकीच्यांच्या बरोबर समोर असतो. त्यांचा दहावर तर आपला चारावर. टोकियोचा काटा लंडनच्या काट्याशी जुळत नसेल तर दोघांपैकी एक चुकतोय हे नक्की.

आता हा अर्धा तास आला कुठून? त्यासाठी आधी सूर्याकडे जायला हवं.

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. भागाकार केला की तासाला १५ अंश, आणि एका अंशाला ४ मिनिटं. हा चारचा आकडा एकदा डोक्यात बसला की पुढचं बरंचसं गणित तोंडी होतं. पूर्वेला एक अंश सरकलात की सूर्य ४ मिनिटं आधी माथ्यावर येतो, पश्चिमेला सरकलात की ४ मिनिटं उशिरा.

आपल्याकडे हे गणित घराघरात दर महिन्याला दिसतं, फक्त आपण त्याला भूगोल म्हणत नाही. संकष्टीच्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ बघताना गावागावांचा वेगळा तक्ता बघावा लागतो. नागपूरची मावशी मोदक खाऊन, ताट घासून मोकळी झालेली असते तेव्हा मुंबईची आई अजून गॅलरीत उभी असते. नागपूर ७९ रेखांशाच्या जवळ, मुंबई ७३च्या किंचित अलीकडे. सहा अंशांहून थोडं जास्त अंतर, गुणिले चार, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. दोघींच्या भिंतीवरची घड्याळं मात्र अगदी एकच वेळ दाखवत असतात. म्हणजे आकाशाची वेळ एक आणि घड्याळाची दुसरी.

एके काळी या दोन वेळा एकच होत्या. ज्या गावात सूर्य माथ्यावर, त्या गावात बारा. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटं, कलकत्त्याची जवळजवळ ५ तास ५४ मिनिटं. त्याही आधी आपल्या ज्योतिर्गणिताचा शून्य रेखांश लंका आणि उज्जयिनीवरून जात असे, आणि पंचांगकर्ते आपलं गाव त्या रेषेच्या किती पूर्वेला किंवा पश्चिमेला हे पाहून 'देशांतर संस्कार' करत. 'गाव बदललं की वेळ बदलते' हे इंग्रजांनी येऊन शिकवलेलं नाही.

घोड्यावरून किंवा बैलगाडीतून जाणाऱ्याला याचा काही त्रास नव्हता. दिवसभराच्या प्रवासात पडणारा दोन-तीन मिनिटांचा फरक कोणाच्या लक्षात येणार? घोटाळा केला तो रेल्वेनं. प्रत्येक स्टेशनावर वेगळी वेळ असेल तर वेळापत्रक छापायचं कसं, आणि एकाच रुळावरून समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांनी कोणाच्या घड्याळावर विश्वास ठेवायचा? इंग्लंडात ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं १८४० मध्ये सगळीकडे लंडनची वेळ लावली. ब्रिस्टल शहर लंडनच्या १० मिनिटं मागे, आणि ते ऐकायला तयार नव्हतं. तिथल्या कॉर्न एक्स्चेंजच्या घड्याळाला आजही दोन मिनिटकाटे आहेत, एक ब्रिस्टलचा आणि एक लंडनचा. अमेरिकेत रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ रोजी आपसात ठरवून अख्ख्या खंडाचे पट्टे पाडले. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये २५ देशांची परिषद भरली आणि ग्रीनिचला शून्य मानायचं ठरलं. बाजूनं २२ मतं पडली, विरोधात एक, आणि फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले. फ्रान्सनं पुढे १९११ मध्ये ग्रीनिचची वेळ स्वीकारली खरी, पण कायद्यात ग्रीनिचचं नाव येऊ दिलं नाही. 'पॅरिसची वेळ, ९ मिनिटं २१ सेकंदांनी मागे घेतलेली' असं लिहिलं. हट्ट असावा तर असा.

हट्टाचंच म्हणाल तर मुंबई पॅरिसला भारी होती.

रेल्वेनं देशभर मद्रासची वेळ धरली होती. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांनाही तीच वेळ लावली. शहराला एका रात्रीत अर्धा तास लवकर उठायला सांगितल्यासारखं झालं. लोकांनी ते मानलं नाही, आणि १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. मग १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची. मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. आधीचा अर्धा तास पचला नव्हता तिथे आता ३९ मिनिटं. त्या महिन्यात एका कापडगिरणीबाहेर कामगार जमले, कामावर जायला नकार दिला, दगडही फेकले. त्यांच्या बाजूनं विचार करा. भोंगा घड्याळावर वाजतो आणि झोप सूर्यावर मोडते. हिवाळ्यात अंधारात चाळीतून निघायचं, ते का, तर कागदावर आकडा बदलला म्हणून. शिवाय बंगालची फाळणी नुकतीच झालेली, स्वदेशीचे दिवस. सरकारकडून आलेली वेळही विदेशीच वाटणार.

महापालिकेनं आपली घड्याळं मुंबईच्या वेळेवरच ठेवली, आणि हा प्रकार थेट १९५५ पर्यंत चालला. स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली तरी मुंबईत 'कुठली वेळ, स्टँडर्ड की बॉम्बे?' हा प्रश्न विचारावा लागत होता. म्हणजे हॉटेलातल्या त्या ओळीत जे चार घड्याळांचं, तेच तेव्हा एका शहरात दोन घड्याळांचं चाललं होतं.

पण साडेपाचच का? पाच किंवा सहा का नाही? कच्छच्या टोकापासून अरुणाचलच्या टोकापर्यंत देश ६८ ते ९७ रेखांशांमध्ये पसरलाय. मध्य काढला तर ८२ च्या पुढे येतो. प्रमाणवेळेसाठी रेषा धरली ती साडेब्याऐंशीची, प्रयागराजजवळच्या मिर्झापूरवरून जाणारी. साडेब्याऐंशी गुणिले चार म्हणजे ३३० मिनिटं, साडेपाच तास. पाच तास धरले असते तर मुंबईला फक्त नऊ मिनिटांचा फरक पडला असता आणि आपण खूश झालो असतो, पण आसामात उन्हाळ्यात पहाटे चारच्या सुमारासच सूर्य उगवला असता. सहा धरले असते तर नेमकं उलट. मधला अर्धा तास हा तडजोडीचा आहे. तरी ईशान्येकडे सूर्य पश्चिम टोकापेक्षा सुमारे दोन तास आधी उगवतोच. आसामातल्या चहाच्या मळ्यांनी त्यावर आपला तोडगा काढला. मळ्यातलं घड्याळ एक तास पुढे, त्याला म्हणतात 'बागान टाइम'.

या अर्ध्या तासाची एक गंमत आहे. मनगटावरचं काट्यांचं घड्याळ काढा आणि उलटं धरा, बारा खाली आणि सहा वर. आता जी वेळ दिसते ती ग्रीनिचची. समजा आपले तीन वाजलेत. उलटं धरल्यावर तासकाटा नऊवर, मिनिटकाटा सहावर. साडेनऊ. तीनातून साडेपाच वजा केले तरी साडेनऊच. तबकडी अर्धी फिरवली की मिनिटकाट्याला तीस मिनिटं आणि तासकाट्याला सहा तास मिळतात, त्यामुळे हे जमतं. तासकाटा नेमका जिथे हवा त्याच्या अर्धा घर मागे राहतो, तेवढं डोळ्यांनी सांभाळून घ्यायचं. पूर्ण तासांवर बसलेल्या देशांना ही सोय नाही. घड्याळावर आकडे छापलेले असतील तर मान थोडी वाकडी करावी लागेल, बिनआकड्यांचं असेल तर उत्तम.

आपण अर्ध्यावर, तर नेपाळ पाऊणवर. तिथे १९८६ पासून ५ तास ४५ मिनिटं. गौरीशंकर शिखराजवळून जाणारी सव्वाशहाऐंशीची रेषा धरली की हिशोब बरोबर येतो. सोनौलीची कमान ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. चीननं याच्या उलट केलं. देश इतका रुंद की पूर्वी पाच पट्टे होते, १९४९ नंतर सगळीकडे बीजिंगची वेळ. शिनच्यांगमधले अनेक लोक दोन तास मागची स्थानिक वेळ व्यवहारात वापरतात, म्हणजे 'कुठली वेळ?' हा मुंबईचा जुना प्रश्न तिथे अजून जिवंत आहे. आणि अफगाणिस्तान-चीनच्या छोट्याशा सीमेवर एका पावलात साडेतीन तास उडी पडते. नकाशावर वेळेचे पट्टे बघितलेत तर जमिनीवर ते सरळ उभे क्वचितच दिसतात. सूर्यानं रेषा सरळ दिल्या, सरकारांनी त्या वाकवल्या.

सगळ्यात जास्त वाकलीय ती तारखेची रेषा. समोआ बेटांनी १८९२ मध्ये अमेरिकेशी व्यापार सोपा जावा म्हणून स्वतःला रेषेच्या अमेरिकेकडच्या बाजूला घेतलं, आणि त्या वर्षी ४ जुलै दोनदा आला. पुढे व्यवहार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी वाढला, तेव्हा २०११ मध्ये परत इकडे. त्या वेळी ३० डिसेंबर ही तारीखच तिथे उगवली नाही. गुरुवारी झोपले आणि शनिवारी उठले. शेजारचं अमेरिकन समोआ मात्र जागचं हललं नाही, त्यामुळे शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या दोन बेटांत अख्ख्या दिवसाचा फरक. किरिबातीची काही बेटं तर ग्रीनिचच्या १४ तास पुढे आहेत. याचा एक परिणाम असा की रोज दुपारी साडेतीन ते साडेचार, आपल्याकडे चहाचं आधण ठेवायच्या वेळी, पृथ्वीवर माणसांच्या वस्तीत एकाच वेळी तीन तारखा असतात. आपल्याकडे १० तारीख, अमेरिकन समोआत ९ ची रात्र संपायचीय, आणि किरिबातीच्या त्या बेटांवर ११ सुरू झालीय. विश्वास बसत नसेल तर कागद-पेन घ्या. मीही घेतलं होतं.

इथपर्यंतचा घोळ निदान एका जागी स्थिर आहे. काही देश वर्षातून दोनदा घड्याळच हलवतात, तो घोळ निराळा. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर संध्याकाळचा उजेड कामी यावा म्हणून घड्याळ एक तास पुढे, हिवाळ्यात परत मागे. विषुववृत्ताजवळ दिवसाची लांबी फारशी बदलत नाही, त्यामुळे आपल्याला याची गरज नाही. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात घड्याळ एक तास पुढे केलं होतं. १९४२ ते १९४५ मधल्या त्या काळात जन्मलेल्या माणसाची पत्रिका मांडताना ज्योतिषी आधी एक तास वजा करतात, नाहीतर लग्नरास चुकते.

अमेरिका घड्याळ पुढे करते मार्चच्या दुसऱ्या रविवारी, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे धोक्याचे. माझी एक साप्ताहिक मीटिंग असायची, न्यूयॉर्कच्या सकाळी नऊला, म्हणजे थंडीत आपल्या संध्याकाळी साडेसातला. थंडीभर साडेसात असं डोक्यात बसलेलं, त्यामुळे कॅलेंडरचा निरोप कोण बघतो? मार्चच्या मध्यावर मी साडेसातला ऐटीत लॅपटॉप उघडला, तर तिथे कोणी नाही. मीटिंग साडेसहालाच सुरू होऊन संपलीसुद्धा. लंडनचे एक गृहस्थही माझ्यासारखेच दोन वाजता येऊन रिकाम्या पडद्याकडे बघत बसले होते. आम्ही दोघांनी पंधरा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मेहुणी न्यू जर्सीला असते. ती सरळ सांगते, "थंडीत साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ, आणि मार्चमध्ये आधी मेसेज कर." यापेक्षा चांगला नियम मला सापडलेला नाही. तोही ॲरिझोनात चालत नाही, कारण ते राज्य घड्याळ हलवतच नाही. त्याच राज्यातला नवाहो आदिवासींचा प्रदेश मात्र हलवतो.

जगाची वेळ दाखवणारं एकच घड्याळ बनवायचं झालं तर यंत्र फार अवघड नाही. मधे चोवीस तासांचं एक कडं, दिवसातून एकदा उलट्या दिशेनं फिरणारं, आणि भोवती शहरांची नावं स्थिर. ज्या नावासमोर जो आकडा येईल ती तिथली वेळ. जिनिव्हाचे कारागीर लुई कॉतिए यांनी १९३० च्या दशकात हे मनगटी घड्याळात बसवलं. बर्लिनच्या अलेक्झांडरप्लाट्झ चौकात १९६९ पासून याचंच महाकाय रूप उभं आहे. चोवीस बाजूंचा खांब, प्रत्येक बाजूवर शहरांची नावं, मधून सरकणारी तासांची पट्टी. ती फिरवायला वापरला होता ट्राबांट या पूर्व जर्मनीच्या स्वस्त मोटारीचा गिअरबॉक्स. ज्या लोकांना देशाबाहेर जाऊ देत नव्हते, त्यांच्या भर चौकात जगभरच्या वेळा लावलेल्या. या प्रकारच्या घड्याळांची अडचण आपणच: चोवीस खणांत साडेपाच बसत नाही, मग दोन खणांच्या मधे कुठेतरी आपली सोय लावावी लागते.

फोनमधलं घड्याळ कडं वगैरे फिरवत नाही. त्याच्यात एक यादी असते. कॉम्प्युटरवर कधी वेळ लावताना राहता पुण्यात आणि निवडायला मिळतं कोलकाता, हे बघून चिडला असाल तर दोष त्या यादीकडे जातो. आर्थर डेव्हिड ओल्सन नावाच्या अमेरिकन माणसानं १९८० च्या दशकात ती सुरू केली आणि पुढे जगभरचे लोक तिच्यात भर घालत राहिले. देशांची नावं आणि सीमा बदलतात, शहरं सहसा जागच्या जागी राहतात, म्हणून यादी शहरांच्या नावांनी. एका वेळेवर चालणाऱ्या सगळ्या प्रदेशासाठी एक मोठं शहर पुरतं, भारतासाठी ते कोलकाता. कुठल्या सरकारनं कधी, किती मिनिटं, कोणत्या रविवारी बदल केला, सगळं त्यात लिहिलेलं आहे, आपला युद्धातला एक तासही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका ज्योतिष-सॉफ्टवेअर कंपनीनं 'जुन्या वेळांची माहिती आमच्या मालकीची' म्हणून या यादीवर दावा ठोकला होता, पुढच्या वर्षी मागे घेतला. दावा आला त्या वर्षापासून इंटरनेटचे पत्ते-क्रमांक सांभाळणारी संस्थाच ही यादीही सांभाळते. एखाद्या सरकारनं अचानक घड्याळ बदललं की आधी यादी बदलते, मग फोन अपडेट होतो, मग आपला गजर बरोबर वाजतो.

यादीला लागणारा शून्य मात्र आता ग्रीनिचच्या सूर्यावरून येत नाही. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियमच्या अणूवर आहे: ९,१९२,६३१,७७० स्पंदनं म्हणजे एक सेकंद. जगभरच्या अणुघड्याळांचा मेळ घालून जी वेळ निघते तिच्यात साडेपाच तास मिळवून दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आपली प्रमाणवेळ सांगते. पृथ्वी या अणूंइतकी शिस्तीची नाही, ती थोडी अडखळते, म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक जादा सेकंद घालत आले, एकूण २७ वेळा. तो खटाटोपही २०३५ पर्यंत बंद करायचं ठरलंय. म्हणजे सूर्याशी राहिलेला शेवटचा धागाही सैल होणार.

एवढं सगळं त्या मुलाला काही मी सांगितलं नाही. त्यानं स्टूल आणलं, टोकियो खाली काढलं, ड्रॉवरमधला सेल घातला. मिनिटकाटा लंडनकडे बघून लावला आणि विचारलं, "तास?" म्हटलं, आपल्या साडेतीन तास पुढे, दोन पन्नास कर. घड्याळ परत टांगून तो खाली उतरला तेव्हा माझं लक्ष लंडनकडे गेलं. पाच पन्नास. जून महिन्यात तिथे सहा पन्नास हवेत. न्यूयॉर्कही तसंच, एक तास मागे. मिनिटकाट्याच्या युक्तीनं ही चूक सापडतच नाही, आणि मी अर्धा तास त्याच्याच जोरावर शहाणपणा करत बसलो होतो.

"अरे, हे दोन्ही एक तास मागे आहेत," मी म्हटलं.

"माहितीये, सर," तो स्टूल उचलत म्हणाला. "ते दिवाळीच्या सुमारास आपोआप बरोबर होतात."